कोपीवर उघडणारं पान

मार्गशीर्षातल्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत मला फोन आला. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची आई बोलत होती, तिकडं दूर सांगलीकडच्या उसाच्या फडावरून. नवरा-बायको दोघंही दसरा झाल्यावर टोळीबरोबर तोडणीला गेले होते आणि लेकीला घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून सोबत घेऊन गेले होते.

"बाई, तुमचं ते पान उघडंना."

"कोणतं पान?"

"तेच की, जाताना तुमी चिठ्ठीवर लिहून दिलेलं. अभ्यासाचं. तीन दिस झाले, नुसतं गोल गोल फिरायलंय. पोरगी मोबाईल धरून बसती अन् मग रडती."

मी म्हटलं, "तुमच्याकडं रेंज नसेल. जरा उंचावर जाऊन बघा."

"रोडवर येऊनच बोलायलेय की मी," ती म्हणाली. "तुमचा आवाज येतो बाई, पान येत न्हाई."

मी काहीतरी समजूत घालून फोन ठेवला, पण मनातून खरं सांगायचं तर मला राग आला होता. ती वेबसाइट माझा अभिमान होता. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून दर वर्षी निम्मी घरं तोडणीला जातात. काही मुलं मागं राहतात, काही आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, जातात, आणि चैत्रात परत येतात तेव्हा वाचायचं विसरून आलेली असतात. त्यांचा अभ्यास त्यांच्या मागोमाग जावा म्हणून मी परभणीच्या एका माणसाकडून शाळेची वेबसाइट करून घेतली होती. वर फिरणारी फुलं, सरकणारे फोटो, उघडताच वाजणारं गाणं. उद्घाटनाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले होते, त्यांचा फेट्यातला फोटो पानावर सगळ्यात वर होता. टाळ्या वाजल्या होत्या. आणि आता फडावरची एक बाई म्हणत होती की पान येत नाही.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा साधा मोबाईल मागून घेतला आणि गावाबाहेर, रेंजची एकच काडी दिसते तिथं बांधावर जाऊन बसले. वेबसाइटचं नाव टाकलं. पडदा पांढरा. गोल फिरतंय. मी अंक मोजायला सुरुवात केली. शंभरच्या पुढं गेल्यावर साहेबांच्या फेट्याचा वरचा भाग दिसला आणि तिथंच सगळं थांबलं. अभ्यास त्या फेट्याच्या खाली कुठंतरी होता.

त्या बांधावर मला लाज वाटली. वर्षभर मी ती वेबसाइट फक्त शाळेच्या वायफायवर, शाळेच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितली होती आणि छान दिसते म्हणून खूश होते.

गंगाखेडला एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. ती चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. आधी टाइपरायटरवर पोरींना शिकवलं, मग कॉम्प्युटर आणले. मी रविवारी त्यांच्यासमोर जाऊन बसले. वय पन्नास, आणि माउस अजून नीट चालवता येत नाही, हेही सांगून टाकलं.

त्यांनी वेबसाइट उघडून बघितली आणि चष्मा वर केला. "हे पान हाय का लग्नाचा अल्बम? लेकरांना वाचायचंय का फोटो बघायचेत?"

"वाचायचंय."

"मग हे ओझं काहून लादलं त्याह्यच्यावर?" त्यांनी एका फोटोवर क्लिक करून त्याचं वजन दाखवलं. मोबाईलमधून काढलेला फोटो जसाच्या तसा चढवलेला, एकेक चार-पाच एमबीचा. असे तीस. "कापडाचं अख्खं ठाण दुकानातून घरी आणतात का बाई? लागतं तेवढंच फाडून आणतात."

पण दुरुस्ती करायला किल्ली लागते, आणि ती माझ्याकडं नव्हतीच. वेबसाइट बनवणारा माणूस केव्हाच परभणी सोडून पुण्याला गेला होता. नंबर शोधून फोन लावला तर म्हणाला, "पासवर्ड कुठंतरी असेल, बघतो." आठ दिवस बघितला नाही. नवव्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर बसून सकाळपासून दर तासाला फोन लावला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, सांगतो, लिहून घ्या."

आत शिरल्यावर इन्स्टिट्यूटच्या बाईंनी आधी भलतंच पान उघडलं आणि मला जवळ बोलावलं. वेबसाइटचं नाव वर्षाच्या भाड्यानं घेतलेलं होतं आणि त्याची मुदत अकरा दिवसांनी संपत होती. मुदतीची आठवण करून देणारी पत्रं वेबसाइट बनवणाऱ्या माणसाच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात होती. मुदत गेली असती तर ते नाव दुसऱ्या कोणीही उचललं असतं, आणि आमच्या लेकरांच्या चिठ्ठीवरचा पत्ता भलतीकडंच गेला असता. त्याच बैठकीत आम्ही नाव शाळेच्या ईमेलवर घेतलं, मुदत वाढवली आणि पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड काय होता? शाळेचं नाव आणि त्यापुढं एक-दोन-तीन. नवा पासवर्ड मी चार भलत्याच शब्दांचा केला. वर मोबाईलवर आकडा आल्याशिवाय दार उघडणार नाही, असं दुसरं कुलूपही लावलं.

मग चार रविवार काम चाललं. सगळे धडे जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसायचं, आणि मोबाईलवर कंस, टिंबं अन् इंग्रजी अक्षरांची खिचडी. कुठल्याही मोबाईलवर मराठीच दिसावं म्हणून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचं होतं. मी एका बोटानं सुरुवात केली. 'ज्ञ' कसा काढायचा हे कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या मुलांना पेढे दिले.

बाईंचा एक नियम होता, "हात लावायच्या आधी नक्कल." काही बदलायचं असेल तर आधी सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर आणि एक घरी. मला तो उगाच वेळकाढूपणा वाटायचा. तिसऱ्या रविवारी मी घाईघाईत एक बटण दाबलं आणि गणिताचा पूर्ण भाग नाहीसा झाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मागच्या रविवारची नक्कल लावा." मी पेनड्राइव्ह लावला. दहा मिनिटांत भागाकार, अपूर्णांक सगळं जागच्या जागी. मी टेबलावर हात आपटून आनंदानं ओरडले, तशा शेजारच्या खोलीत टायपिंग करणाऱ्या पोरी पळत आल्या.

नवं पान तयार झालं तेव्हा त्यात फुलं नव्हती, गाणं नव्हतं. वर इयत्ता, खाली धडे, धड्याखाली पाच प्रश्न. आकृत्या लागतील तेवढ्याच आणि छोट्या करून. मी पुन्हा मावशींचा मोबाईल घेऊन त्याच बांधावर गेले. पाच म्हणायच्या आत पान उघडलं. खात्री पटेना म्हणून बंद करून पुन्हा उघडलं. सात वेळा उघडलं, सातही वेळा आलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, साहेबांचा फोटो कुठं गेला? शोभा गेली की सगळी."

"सर, त्या फोटोमुळं फडावर अभ्यास उघडत नव्हता."

"उद्या साहेबांनी बघितलं तर?"

"तर त्यांना बांधावर नेऊन दोन्ही पानं दाखवते," मी म्हटलं. एवढं ताडकन मी त्यांच्याशी आजवर बोलले नव्हते. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "वेगळ्या पानावर तरी ठेवा." ते मी आनंदानं केलं.

फडावर फोन लावला तो संध्याकाळी, तोडणीवरून माणसं कोपीवर परतायच्या वेळेला. "आता बघा बरं," म्हटलं. पलीकडं कुजबुज झाली, आणि मग त्या आईचा नाही, तर मुलीचा आवाज आला. ती अडखळत अडखळत धडा वाचत होती. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. मध्येच आई ओरडली, "बाई, आलं! झटक्यात आलं! बाकीच्या कोप्यांतली लेकरं पण गोळा झालीत बघा." मागून चार-पाच पोरांचा गलका ऐकू आला. मी फोन कानाला तसाच धरून तो पूर्ण धडा ऐकला.

चैत्रात टोळी परत आली. मुलगी पहिल्याच दिवशी वर्गात आली, उन्हानं रापलेली, हातात वही. वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती. मी फळ्यावर तीन अंकी भागाकार दिला. तिनं तो कुणाकडं न बघता सोडवला आणि खडू ठेवून हात झटकले. दारात तिची आई उभी होती. "मला बी वाचता आलं बाई थोडं," ती म्हणाली. "पोरगी वाचायची, मी मागं मागं म्हणायची. आता पाचवीचं कवा टाकायलाव?"

पुढं तालुक्याच्या बैठकीत मला बोलायला उभं केलं. समोर शंभरेक शिक्षक. मला भाषण येत नाही, म्हणून जे झालं तेच सांगितलं. वेबसाइटचं नाव आपल्या ईमेलवर आहे का ते आज घरी गेल्यावर बघा, मुदत वहीत लिहून ठेवा, हात लावायच्या आधी नक्कल करा, आणि पान वायफायवर बघून खूश होऊ नका, गावातला सगळ्यात साधा मोबाईल घेऊन रेंज कमी असेल तिथं जा. एवढं बोलून खाली बसले.

दुसऱ्या तालुक्यातल्या चुडाव्याहून पाहुणे म्हणून आलेले एक शिक्षक तेवढ्यात उठून बाहेर गेले. मला वाटलं, कंटाळले. दहा मिनिटांनी ते मोबाईल उंच धरून परत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मॅडम, आमच्या शाळेचं पान उघडायला मी आत्ता पार रस्त्यापर्यंत चालत गेलो. गाणं सुरू झालं, पान काही आलं नाही. उद्या सकाळी तुमच्याकडं येऊ का?"

सगळे हसले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "या की. येताना पेनड्राइव्ह आणा."