ऑर्किडला मी फक्त पाणीच घातलं होतं

अक्का काल गेल्या. वर्षभर त्यांचा माझ्यावर एकच आरोप होता. मी म्हणे त्यांच्या ऑर्किडला मासे धुतलेलं पाणी घातलं.

खोटा आरोप. आजही सांगते.

अक्का म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. माहेर पेठ वडगावचं, जैन शेतकऱ्याचं घर. कित्येक वर्षं त्यांचा दुपारचा चहा माझ्याकडेच. त्या कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या, आणि मी दर रविवारी मासे आणणारी. पण ते कधी आड आलं नाही.

ऑर्किड त्यांच्या मुलाने बंगळूरहून आणलं होतं. पहिल्या दिवसापासून अक्कांना ते पटलं नाही. कुंडीत माती नाही, नुसते कोळशाचे तुकडे आणि नारळाची सालं. मुळं बाहेर हवेत लोंबताहेत.

"मातीबिगर जगालंय म्हणजे कायतरी खात असणार की गं हे. किडं खात न्हाय न्हवं?"

"नाही हो अक्का. जंगलात झाडांवर वाढतं, पण झाडाचं काही घेत नाही. पाऊस आणि हवेतला ओलावा, त्यावर जगतं."

"तुला कुणी सांगितलं?"

तरी सांभाळलं त्यांनी. आणलं तेव्हाची फुलं प्रवासातच गळाली होती. घरात पहिली फुलं आली की बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, भगवंतांना वाहायची, असं त्यांनी मनाशी बोलून ठेवलं. पण टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पानांखेरीज काय येणार?

गेल्या वर्षीच्या थंडीत त्या लेकीकडे बेळगावला गेल्या आणि कुंडी माझ्याकडे आली.

मी ती स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. सकाळचं कोवळं ऊन, रात्रीचा गारवा. मुळं पांढुरकी दिसली की कुंडी बादलीत बुडवायची, निथळवून परत जागेवर. एवढंच.

अक्का परत आल्या तेव्हा लांब दांडीवर पांढरीशुभ्र फुलं ओळीने उमलली होती.

मला वाटलं, मिठी मारतील.

त्यांनी फुलांकडे पाहिलं. मग सिंककडे. मग माझ्याकडे.

"काय घातलीस?"

"पाणी."

"नुसतं पाणी? सुनंनं मोबाईलवर दाखवलंय मला. माशाचं खत घालत्यात ह्याला. खरं सांग."

आणि मी हसले.

मला हसूच येतं, काय करू! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अख्ख्या वर्गाला उभं करून "हू डिड इट?" विचारायच्या. काहीही न करता मी हसायचे, आणि पनिशमेंट मलाच.

अक्कांनी कुंडी उचलली आणि वर गेल्या.

फुलं वाहिली नाहीत. शंका असलेलं फूल देवाला कसं चालेल?

ती फुलं दोन महिने टिकली. शंका त्याहून जास्त.

चहाला येणं बंद झालं. "आज उपास हाय." "आज पित्त झालंय." जिन्यात भेटल्या की नजर आधी माझ्या पिशवीवर.

मला त्यांच्या सुनेचा, सुजाताचा संशय यायला लागला. मुद्दाम दाखवला असेल का हिने तो व्हिडिओ? मग मीही तिच्याशी तुटक बोलू लागले.

पुढे कळलं, अक्कांनी कुंडी आपल्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत हलवली आहे. स्वतः बुडवतात, स्वतः निथळवतात. सुजातालाही हात लावू देत नाहीत.

माझीच टेस्ट चालली होती ती.

पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय थकलं. पलंग त्या खिडकीशी घ्यायला लावला. कुंडी सुजाता बुडवायची, पण अक्कांच्या डोळ्यांदेखत.

गेल्या आठवड्यात सुजाता खाली आली. "काकू, आई बोलवताहेत."

खिडकीत फुलं उमलली होती. अगदी तशीच.

मी विचारलंच. "काय घातलंत, अक्का?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"मी डोळ्यानं बघालोय की रोज!"

म्हणाल्या आणि फुलांकडे बघत राहिल्या. मग एकदम उसळल्या.

"मग तवा हसलीस कशाला गं भवाने? हसली नसतीस तर गेल्या सालीच वाहिलो असतो की!"

सुजाताला कात्री आणायला सांगितली. दांडी कापून घेतली. मला वाटलं, मुलाला पाठवतील बस्तीत.

त्यांनी ती माझ्या हातात दिली.

माझ्या.

"तूच जा. तुझ्या हातानं दे. पर आंघोळ करून जा. आणि वाटंत कुठं टेकू नकोस."

मी आंघोळ केली, गेले. पंडितजींनी दांडी घेतली आणि वाहिली. परत आले तर अक्का उशीला टेकून वाटच बघत होत्या.

"कुठं ठेवली? नीट सांग."

"पायाशी. उजव्या बाजूला."

"तू बघितलीस?"

"बघितलं, अक्का."

त्यांनी माझा चेहरा निरखला. बराच वेळ. मी ओठ घट्ट मिटून उभी.

"बरं," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

अक्का, एवढ्या एका "बरं"साठी मी वर्षभर थांबले होते हो.

या आता. सावकाश जा.

तुमची,
खालची शैला