बायजाला लावलेला बोल

सुप्याहून आमची बैलगाडी लोंढ्याच्या स्टेशनकडे निघाली, तेव्हा तुमचे वडील बावीस दिवसांचे होते. सव्वा महिना माहेरी राहायचं सोडून मी हट्टानं निघाले. आईला सांगितलं, धारवाडला तुमच्या आजोबांचे जेवणाचे हाल होतात. खरं कारण बायजा होती.

बायजा आमची सुईण. बाळंतपणानंतर अंगावरून जातं, त्यासाठीच्या कापडाच्या घड्या ती रोज सकाळी उजेडात धरून बघायची, वास घ्यायची. बेळगावात इंग्रजी शिकलेल्या मला किळस यायची. मी घड्या लपवू लागले, तशी हसून म्हणाली, "साळंत ह्ये शिकवत न्हाईत व्हय?" गाडीत बसताना मात्र ती हसली नाही. "पोरी, लाल सरून आता पिवळट जातंय, त्ये बरं हाय. पन वास मारला, ताप आला, तर लाजू नगं. कुनाला तरी सांग." गाडीवानासमोर बोलली म्हणून मी तोंड फिरवलं.

धारवाडात पाचव्या दिवशी पुन्हा लाल जाऊ लागलं. मग घाण वास, हुडहुडी. आजोबांना सर्दी म्हणून सांगितलं. आईला वाचता येत नव्हतं, पत्र माझे वडील मोठ्यानं वाचणार. म्हणून 'सर्व क्षेम' लिहिलं. चार दिवसांनी शेजारच्या गंगव्वानं जवळ येताच ओळखलं आणि टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, कालपासून. बाळंतपण कुणी केलं? जंगलातल्या एका अडाणी सुईणीनं. "तरीच," त्या म्हणाल्या. बायजानं काय बजावलं होतं, ते मी सांगितलं नाही.

मी वाचले, पण पुन्हा मूल झालं नाही. माहेरी सगळ्यांनी बायजालाच बोल लावला. वहिनीच्या बाळंतपणात तिला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा मी आत बसले होते. जाताना तिनं बाहेरूनच विचारलं, "पोरी, आता बरी हाईस न्हवं?"

मुलींनो, तुमच्या परदेशातल्या डॉक्टरही तेच सांगतील: आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं, पाच-सहा आठवडे. भडक लाल पुन्हा जोरात जाऊ लागलं, दुर्गंधी आली, ताप आला, तर त्याच दिवशी सांगा.

सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं, तरी इतक्या वर्षांनीही घर म्हटलं की मी सुपाच म्हणते. तिथून नंदिगड्ड्याच्या वाटेवर बायजाची झोपडी होती. ती असेपर्यंत मी त्या वाटेनं गेले नाही. माझं घर आता तेवढंच उरलंय: जिथं जाऊन एक खरी गोष्ट सांगायची राहिली, ती जागा.