दहा दिवस कुत्र्यावर नजर

मला कुत्री चावली हे मी मुलीला सांगितलं नाही. चूक माझीच होती. जिन्याखाली कुत्री व्यालेली, आणि मी शिळी पोळी टाकायला थेट पिलांजवळ वाकले. तिनं पोटरी धरली. दोन दातांच्या खुणा, थोडं रक्त. वर येऊन साबणानं पाय धुतला, हळद दाबली आणि मोजा चढवला. दिल्लीच्या जानेवारीत कुणाचा मोजा कोण काढून बघतं?

मुलगी सरकारी नोकरीत आहे. तिला आर. के. पुरममध्ये क्वार्टर मिळालं, तेव्हा तिनं मला गावाहून आणलं. मी लग्न होऊन आले तीही इथंच, यांच्या नोकरीमुळे. आमचं जुनं क्वार्टर इथून चार गल्ल्या सोडून होतं.

सुया मला नको होत्या, आणि काय करायचं ते ठाऊक होतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. दहा दिवसांनी ते धड असलं, पिसाळलं नाही, तर आपणही वाचलो. हे मी यांच्या वेळी शिकले.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे सकाळी दुधाच्या बूथवर रांगेत उभे होते आणि एक तांबडं कुत्रं येऊन चावलं. त्या काळी पोटात चौदा सुया देत. नाव काढलं तरी हे पांढरे पडत. शेजारची हरियाणाची बाई म्हणाली, सात विहिरींत डोकावून या. सरकारी क्वार्टरांत विहीर कुठली? मग यांच्या ऑफिसात कुणी तरी दहा दिवसांचं सांगितलं. ते यांना पटलं, कारण त्यात सुई नव्हती.

रोज संध्याकाळी हे घरी आले की आम्ही कुत्रं बघायला निघायचो. नवराबायको नुसतं फिरायला जातात हे मला तोवर माहीत नव्हतं. थंडी असायची, गल्लीत कोळशाच्या शेगड्यांचा धूर साचलेला. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही म्हणतात, म्हणून ते सापडलं की हे त्याच्यापुढे वाडग्यात पाणी ठेवायचे आणि श्वास रोखून बघायचे.

"प्यालं गं, प्यालं!"

पोर पास झाल्यासारखे खूष व्हायचे. मग गरम शेंगदाण्यांची पुडी घ्यायची आणि मला बसकडे न्यायचं. तिकीट मीच काढायचं.

"अहो, तुम्हीच बोला ना त्याच्याशी."

"नाही. तू बोल. मी नाहीच तुझ्याबरोबर, असं समज."

मी कंडक्टरला माझ्या हिंदीत म्हटलं, "एक टिकट द्या." अख्खी बस हसली, मीही हसले. शहराच्या मध्यभागी उतरून यांनी मला आपल्या राज्याचं गेस्ट हाऊस दाखवलं. म्हणाले, "काही अडलं तर इथं यायचं. मराठी माणूस भेटतो." आठव्या दिवशी मला एकटीला पाठवलं आणि स्वतः मागच्या बसनं आले. मी आधी पोहोचले म्हणून केवढी मिजास केली!

कुत्रं जगलं. अकराव्या दिवशी यांनी त्याला जिलबी घातली. मग हे परत फायलींत शिरले आणि आमचं फिरणं संपलं. पुढे एवढी वर्षं संसार केला, पण तशा संध्याकाळी पुन्हा आल्या नाहीत. तो किस्सा मी सगळ्यांना सांगत आले, आम्ही किती शहाणपणानं वागलो म्हणून.

आताही तसंच करणार होते. तीन दिवस कुत्री दिसली. चौथ्या दिवशी नुसती पिलंच केकाटत होती. झाडूवालीला विचारलं.

"कुत्ते पकडनेवाली गाडी ले गई होगी, अम्मा. या मर गई होगी."

मी वर आले. मुलीला सुट्टी होती. तिला स्वयंपाकघरात उभी करून मेतकुटाची डाळ किती भाजायची ते दाखवायला लागले.

"आई, आज काय क्लास लावलायस? मेतकूट विकत मिळतं, यार."

"मिळू दे. बाबांच्या श्राद्धाला काय काय लागतं तेही बघून ठेव."

"त्याला तू आहेस ना!"

माझा हात कढईतच थांबला. मी काय करत होते ते मला कळलं, आणि यांनी काय केलं होतं तेही. बसमधून हे मला हिंडवत नव्हते. आपल्यामागे या परक्या गावात हिचं कसं होईल, याची तयारी करत होते. रोज भीतीनं अर्धे होत होते, आणि मी शेजारी बसून शेंगदाणे खात होते.

गॅस बंद केला, खुर्चीवर बसले आणि मोजा काढला.

"कधी?" मुलगी ओरडली.

"चार दिवस झाले."

"चार दिवस? पागल झालीस का तू?"

"अजून नाही. म्हणून तर दाखवते आहे."

हॉस्पिटलात नर्सला मी माझं दहा दिवसांचं शास्त्र सांगितलं. ती वर न बघता म्हणाली, "माताजी, दस दिन देखते हैं तो सुई शुरू करके. बिना सुई के नहीं. और आपकी कुतिया तो है भी नहीं." सुई दंडात दिली, ती कळलीसुद्धा नाही. जखमेत दिली तिनं मात्र मी मोठ्यानं ओरडले.

त्या वेळी ते कुत्रं निरोगी निघालं, एवढंच. शहाणपण कसलं? यांना सुयांची भीती वाटली आणि मला काही कळत नव्हतं. पण त्या दहा संध्याकाळी मला मिळाल्या, त्या नको होत्या असं मी म्हणणार नाही.

बाहेर मुलगी बाकावर डोळे पुसत बसली होती. तिला म्हटलं, "रडतेस काय? आत जा आणि पुढच्या सुयांच्या तारखा विचारून ये."