काहिलीतून पूर्णा

परवा गुऱ्हाळावर उसाचा रस आटत होता. त्या गोड, करपट वासाने मी थेट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या एका सकाळी, येलदरी धरणाखाली पूर्णेच्या काठावर जाऊन पोचलो.

गूळ करायची लोखंडी काहील तेव्हा हंगाम संपला की आमची नाव व्हायची. नव्या वहिनीला पलीकडे माहेरी सोडायला आईने मला धाडलं. वहिनीला पोहता येत नव्हतं. आम्ही काठावर असतानाच धरणाचा भोंगा वाजला. वीजघरातून पाणी सुटणार, तेव्हा थांबायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र काहील पाण्यात लोटली. मला त्या धारेवर एकदा स्वार व्हायचं होतं.

पाणी फुगलं. काहील गरगर फिरत खडकांमधून सुटली. तोंडावर गार तुषार, पायाखाली घणघणणारं लोखंड, आणि माझा सदरा घट्ट धरून वहिनी हसायलीय. "भाऊजी, माहेर मागं राहिलं की!"

मैलभर खाली वाळूला लागलो तेव्हा दोघेही ओलेचिंब होतो.

ते हसणं आठवलं की आजवर मला स्वतःची लाज वाटायची. तिचा जीव मी धोक्यात घातला होता. परवा गुऱ्हाळावरच तिला सांगून टाकलं, की भोंगा कळूनही मी मुद्दाम काहील लोटली होती.

काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढता काढता तिने वर पाहिलं.

"माझं माहेर बी काठावरचंच, भाऊजी. भोंगा मला कळत न्हवता व्हय? सासरी आल्यापासून मोकळं हसलेच न्हवते मी. तुमी थांबला असता, तर मीच लोटली असती काहील."