तेल लावलेली ट्यूब

नवेगावच्या तलावात मासे धरतो मी. आमच्या डोंग्यात ट्रकची एक जुनी ट्यूब कायम हवा भरून ठेवलेली असायची. काही वर्षांपूर्वी वावटळीत डोंगा उलटला, पाय जाळ्यात गुंतला, तेव्हा पोहणं-बिहणं काही कामी आलं नाही. ती ट्यूब बगलेत दाबून मी कसाबसा काठाला लागलो.

त्या दिवसापासून बायकोने ट्यूबचा देवच केला. दसऱ्याला आम्ही जाळी, वल्ही, डोंगा सगळं पुजतो. ती ट्यूबलाही हळदकुंकू लावायची आणि जवसाचं तेल अस्सं चोळायची, की तशी मालीश मला तापातसुद्धा कधी मिळाली नाही.

यंदा ट्यूब हाताला चिकट लागली. म्हटलं, दाखवून तरी आणू. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याने हवा भरली, हौदात बुडवून गोल गोल फिरवली. एक बुडबुडा नाही!

"पाह्य, अजून धा वर्सं चालते," मी छाती फुगवून म्हणालो.

त्याने हवा सोडली, ट्यूब मुडपली आणि माझ्या नाकासमोर धरली. घडीवर भेगाच भेगा. मग त्याने स्वतःची बोटं हुंगली.

"काका, याले तेल कोन लावते?"

"पूजेचं हाय ते."

"रबरले तेल म्हनजे जहर. नुसती पडून राहीन तं राहीन. तुमचं वजन पडलं का फाटली समजा. बदलून टाका."

असा राग आला मला! माझा जीव वाचवणारी वस्तू, आणि हा उपटसुंभ तिला टाका म्हणतो. पण भेगा तर मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

बायकोला तेलाचं सांगायचं नाही, असं वाटभर घोकत आलो. पण माझी जीभ! उंबऱ्यातच बोलून बसलो. हातातलं सूप ठेवून ती मटकन खाली बसली.

"म्हनजे इतके वर्सं मीच तुमाले बुडवून राहिली होती?"

"अवं, तसं नाही."

पण तसंच होतं. आणि त्या तेलाचं मलाही कौतुक होतं, हे मी बोललो नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची नवी ट्यूब आणली. डोंग्याला बांधणार, तोच बायको काठावर आली आणि लुगडं खोचून, ट्यूब ओढून घेत सरळ पाण्यात शिरली. गुडघ्याच्या पुढे कधी न गेलेली बाई!

"कायले वं?"

"आधी मी बसते."

"तुले पोहता येत नाही!"

"म्हनूनच."

पाय टेकेनासे झाले तशी ती ट्यूबला लोंबकळली, डोळे गच्च मिटून. मी ट्यूबचा दोर धरून काठावरून शिव्या घालत होतो. भ्यालो की मला शिव्याच सुचतात. बराच वेळ राहिली ती तशी. मग बाहेर आली, काठावर वाळत घातलेल्या माझ्या दुपट्ट्याने ट्यूब पुसली, कोरडी ठणठणीत, आणि माझ्याकडे दिली.

"आता जा तुमी," म्हणाली.