उजव्या बाजूचं

घरापासून चालत गेलं तरी पाऊण तासात जे म्युझियम येतं, ते बघायला आम्ही सदाशिव पेठेतून सकाळी सातला वाघोलीला गेलो. जुन्या गाड्यांचा क्लब म्हटलं की असलं चालतंच. एका सभासदाच्या अंगणात जमायचं, पोहे खायचे आणि दहा-बारा गाड्यांची रांग लावून, लोकांनी वळून बघावं अशा बेतानं, कोथरूडला छोट्या रेल्वेगाड्या बघायला जायचं.

आमची क्रीम रंगाची फियाट ह्यांनी चाळीस वर्षं जपली, माझ्याहून जास्त. पण वर्षभरापासून ह्यांना उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. काचबिंदू. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं आणि ह्यांनी मला शपथ घातली होती, क्लबात कुणाला कळता कामा नये. मग मी शेजारी बसून ह्यांचा उजवा डोळा झाले. उजवीकडून काही आलं की ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. बघणाऱ्यांना ते प्रेम वाटायचं. त्या दिवशी वाघोलीपर्यंत मी नऊ वेळा हात ठेवला.

पोहे झाल्यावर सेक्रेटरींनी स्टीलचा डबा पुढे केला. "ह्या वेळी कुणी कुणाच्या गाडीत बसायचं ते चिठ्ठ्यांवर! नवरा-बायको एका गाडीत नकोत, फार भांडतात."

ह्यांची गाडी आली आयटीतल्या एका मुलीच्या वाट्याला, तिच्या तीन वर्षांच्या लेकीसकट. मला मिळाली त्यांच्या मागची गाडी. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान किंचित हलवली, नाही. बोलायला मला भरपूर वेळ होता. एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो, पण तेव्हा मी बशी ठेवली आणि मुकाट्यानं मागच्या गाडीत जाऊन बसले.

माझ्या गाडीचे मालक कार्बोरेटरबद्दल बोलत होते. मला फक्त पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत उड्या मारणाऱ्या त्या छोटीच्या दोन लाल रिबिनी दिसत होत्या. येरवड्याजवळ हे उजवीकडे सरकायला लागले आणि मागून, त्याच बाजूनं, एक मोटारसायकल आली. हे सरकतच राहिले. त्या माणसानं करकचून ब्रेक मारला, दुभाजकाला पाय टेकवून कसाबसा सावरला आणि ओरडला, "ओ काका, बघून चालवा की!"

माझा हात गुडघ्यावर पडला होता, पण कार्बोरेटरवाल्यांच्या. त्यांनी गुडघा हळूच बाजूला घेतला.

म्युझियममध्ये मी काय पाहिलं, विचारू नका. एवढंच आठवतं की उजवीकडच्या बोगद्यातून इवलीशी गाडी शिटी मारत बाहेर आली, सगळे तिकडे वळले आणि हे सरळ समोर बघून हसत राहिले. छोटीनं ह्यांची बाही ओढली, "आजोबा, तिकडे!" तेव्हा कुठे ह्यांनी अख्खी मान फिरवली. मान फिरवताना ह्यांची नजर माझ्यावर पडली आणि हसू गेलं.

बाहेर आल्यावर परत डबा निघाला. छोटी म्हणाली, "मला आजोबांचीच गाडी."

"ह्यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "हे आता गाडी चालवणार नाहीत."

"काहीतरीच बोलू नकोस," हे म्हणाले. मग ह्यांनी खिशातून किल्ली काढून सेक्रेटरींच्या डब्यात, चिठ्ठ्यांवर ठेवली आणि पाठ फिरवून फाटकाकडे निघून गेले. मला रडू आलं. शपथ मोडली याचं वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही. अवघड ते होऊन गेलं, असं मला वाटलं.

ती आयटीतली मुलगी जवळ आली. लेक तिच्या कडेवर होती.

"काकू, सकाळी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिनं लेकीला माझ्या बाजूच्या कडेवरून उचलून पलीकडच्या कडेवर घेतलं आणि ती दुसऱ्या गाडीकडे गेली.