सुदाम मेस्त्रींचं जिंतूर

सुदाम मेस्त्री कुठल्याही नव्या वस्तूला आधी उलटा हात लावायचे. मोटार असो, पंखा असो, नाहीतर कुणी दुकानात आणून टाकलेली पत्र्याची खुर्ची असो. पंजाची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग सुलटा हात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो घरमालकांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारीची चौकशी करायला. बोलता बोलता मी तिथल्या एका मोटारीवर हात ठेवला, तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. "सर, उलटा हात लावत जावा. करंट आसला तर उलटा हात झटक्यानं मागं येतो. सुलट्या हाताची मूठ वळती, मंग सुटत न्हाई."

जिंतूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मेस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. स्टँडच्या मागे त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार वेढे मोजून भरायची, हे त्यांचं काम. हात चालू असताना ते गप्पा मारत, हसत, गिऱ्हाइकाला झापत, पण वेढ्यांची मोजणी कधी चुकत नसे. मूळचे तालुक्यातल्याच एका खेड्यातले. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्यात त्यांचं घर जळालं आणि विशीतला हा माणूस गाव सोडून जिंतुरात आला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "जळालेलं पुन्हा भरायचं काम तवापासून हाताला लागलं बगा," म्हणाले आणि पुढचा वेढा घातला.

तार आणायला ते हैदराबादला जात. एका खेपेला तिथल्या फुटपाथवरून माझ्यासाठी दोन जुनी इंग्रजी पुस्तकं घेऊन आले. एकाच्या मुखपृष्ठावर कानामागून तारा निघालेला माणूस होता. "ह्याचं वाइंडिंग कुनी केलं, तेवढं वाचून सांगा," म्हणाले.

मी वाचलं आणि चक्रावलो. ती गोष्टीची पुस्तकं नव्हती, खेळाचे नियम होते. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. तीन-चार जणांनी बसायचं, एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस व्हायचं आणि नुसतं बोलून खेळायचं. काम जमलं की फसलं ते फाशांवर ठरायचं. जग पुढच्या काळातलं. आभाळाला टेकलेल्या इमारती, कंपन्यांचं राज्य, माणसांच्या अंगात बसवलेली यंत्रं, आणि डोक्याला तार जोडून यंत्रांच्या जाळ्यात शिरणारे लोक. मी हे गंमत म्हणून सांगितलं, तर मेस्त्रींनी हातातली तार खाली ठेवली. "मंग खेळू की," म्हणाले.

तिसरे गडी शेजारचे हार्डवेअरवाले शिवाप्पा. दुपारी लाइट जायची, तेव्हा मेस्त्रींचं यंत्र बंद आणि शिवाप्पांकडे गिऱ्हाईक नाही. ते दोन तास आमचे. बैठक मेस्त्रींच्या दुकानात. माझी खोली मोठी होती, हवेशीर होती, पण तिथे बसू असं मी कधी म्हणालो नाही. घरमालकांना ते चालणार नाही हे मला ठाऊक होतं. मेस्त्रींनाही ठाऊक असणार, कारण त्यांनी कधी विषयच निघू दिला नाही.

आधी पुस्तक ठरवायचं होतं. एकातले नियम सोपे, साधे फासे चालणारे, पण त्यात यंत्रांच्या जोडीला चेटूक आणि राक्षसही होते. शिवाप्पांना ते पसंत पडलं. मेस्त्रींनी मान हलवली. "भुतंखेतं नको. ती हितं काय कमी हायती?" दुसरं पुस्तक किचकट होतं आणि त्याला दहा बाजूंचा फासा लागे, जो जिंतुरातच काय, परभणीतही मिळाला नसता. मेस्त्रींनी मोटारीच्या खाचेत घालायच्या जाड कागदाचे दहा सारखे तुकडे कापले, त्यांवर आकडे घातले आणि ग्रीसच्या रिकाम्या डबीत टाकले. डबी खुळखुळवायची आणि न बघता एक तुकडा उचलायचा. झाला फासा. शिवाप्पा हरले.

त्या पुस्तकातला एक नियम मात्र मेस्त्रींनी चालू दिला नाही. अंगात जितकी यंत्रं बसवाल तितकी माणुसकी घटते, असा तो नियम होता. "हे कुनी लिवलं? सर, आजपतोर एका बी मोटारीनं मला इचारलं न्हाई, तू कुनाचा म्हनून." तो नियम आम्ही काढून टाकला.

मग माणूस निवडायचा. शिवाप्पा कंपनीचे मालक झाले, ते ओघानंच आलं. मेस्त्रींना मी कारागिराची भूमिका सुचवली, म्हणजे जे ते रोज होते तेच. त्यांनी तारेतून जाळ्यात शिरणारा माणूस घेतला. "म्हंजी वायरमनच की!" शिवाप्पा हसले. मेस्त्रीही हसले, पण मला हळूच म्हणाले, "त्याला आंग लागत न्हाई ना, सर? नुसता डोक्यानं आत जातो. आंगच न्हाई तर कोन इचारनार, कुटला हायस?"

प्रत्येकाच्या माणसाचा एक कागद असे. पुस्तकातला नमुना बघून मी मराठीत तक्ते आखले. नाव, काम, हुशारी, चपळाई. आणि हाताला सवय म्हणून, पुस्तकात नसलेले दोन रकाने मी माझ्याकडून घातले: आडनाव आणि राहणार. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मेस्त्रींनी बाकी सगळं भरलं, ते दोन रकाने कोरे ठेवले. मी मास्तरकी केली, "अर्ज अपूर्ण आहे, मेस्त्री. असा परत येईल." ते म्हणाले, "घरून भरून आनतो."

राहता राहिलं शहर. पुस्तकात एक परदेशी शहर तयार होतं आणि मला तेच हवं होतं. मेस्त्री अडून बसले. "परक्याचं गाव कशाला? आपलं जिंतूर घ्या. आजून तीस वर्सांनंतरचं. कसं आसंल ते आपुनच ठरवू." एरवी कुठल्याच गोष्टीचा हट्ट न धरणारा हा माणूस त्यासाठी आठवडाभर माझ्या मागे होता. कॉलेजच्या फाटकाशी सायकल थांबवून विचारायचे, "ठरलं का, सर, जिंतूर?" शेवटी मी हो म्हणालो. माझा हात चित्रकलेचा बरा, म्हणून नकाशा माझ्याकडे आला.

त्या नकाशावर मी आठ दिवस घालवले. जिंतूरला रेल्वे आणली. स्टँडच्या छतावर उडत्या एस्ट्या उतरवल्या, बाजारावर काचेचं छप्पर घातलं, आमच्या कॉलेजला चाळीस मजले चढवले. सगळं काळ्या शाईत. दुकानात टेबलावर कागद पसरला तेव्हा मेस्त्रींचा चेहरा असा उजळला की मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली. "रेल्वे आनली, सर, तुमी!" ते वाकून एकेक गल्ली बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, "आन् मी कुटं ऱ्हातो ह्याच्यात?"

"हे काय," मी बोट ठेवलं. "ओढ्याच्या पलीकडे, उगवतीला. तुमची वस्ती जिथल्या तिथेच ठेवली आहे." तिथे मी पत्र्याची बारीक बारीक घरंसुद्धा काढली होती. सगळं गाव उलटंपालटं केलं होतं मी. रस्ते हलवले होते, तहसील हलवली होती. फक्त ती वस्ती तेवढी हलली नव्हती. शिवाप्पा म्हणाले, "बराबर हाय की." खरंच, आम्हा दोघांनाही त्यात काही दिसलं नाही.

मेस्त्रींनी उलटा हात त्या घरांवर टेकवला. क्षणभर ठेवला आणि मागे घेतला. "तीस वर्सांनी बी, सर?"

आता कुठे मला ते दिसलं. पण चूक कबूल करायच्या ऐवजी मी बोलत सुटलो. वास्तवाला धरून असावं म्हणून, ओळखीचं वाटावं म्हणून, काय काय. शेवटी म्हणालो, "अहो मेस्त्री, खोटं जग आहे ते."

"तेच म्हनायलोय," ते म्हणाले. "खोट्यात बी?"

तेवढ्यात लाइट आली. मेस्त्री उठून यंत्रापाशी बसले आणि तार गुंडाळायला लागले. थोड्या वेळाने थांबले, सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. त्यांची मोजणी चुकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून घरी आलो. नवा कागद घेऊन दुसरा नकाशा काढायला एक रविवार पुरला असता. मी काढला नाही. एवढी मेहनत केलेली, एवढी सुबक शाई, हेही कारण मी स्वतःला दिलं, हे सांगायची आज लाज वाटते.

त्यानंतर मेस्त्री भेटले की तसेच हसून बोलत, पण दुपारी त्यांना काम निघे. आम्ही एक डावही खेळलो नाही. पुढे काही महिन्यांनी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. गावात ताण होता, दुकानांची शटरं खाली होती. मेस्त्रींच्या दुकानावर जाऊन यावं असं मला दिवसभर वाटत होतं. घरमालक म्हणाले, "आज बाहेर पडू नका," आणि मी आनंदाने त्यांचं ऐकलं. त्याच उन्हाळ्यात मेस्त्री औरंगाबादला एका कारखान्यात वाइंडिंगच्या कामाला गेले. निरोप घ्यायला कॉलेजवर आले होते. मी वर्गात होतो. शिपाई म्हणाला, पंधरा मिनिटं थांबून गेले.

पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. शिवाप्पांकडे होता. दर दिवाळीला वाटायचं, यंदा जाऊ, निदान चार ओळी लिहू. समोर बसून काय बोलायचं ते सुचत नसे, म्हणून वर्षं गेली. ठरवलेलं तीस वर्षांनंतरचं सालही आलं. जिंतूरला रेल्वे आलेली नव्हती. ओढ्याच्या पलीकडची वस्ती जिथल्या तिथे होती.

गेल्या वर्षी मेस्त्री वारल्याचं शिवाप्पांनी कळवलं. ते औरंगाबादला जाऊन घरच्यांना भेटून आले होते. मेस्त्रींच्या मुलीने त्यांच्याजवळ माझ्यासाठी ग्रीसची ती जुनी डबी दिली होती. डबीत जाड कागदाचे दहाही तुकडे होते आणि खाली घडी घातलेला माझ्या अक्षरातला तक्ता. नकाशा बघायला बसले त्या दिवशी तो त्यांच्या खिशातच असणार. घरून भरून आणला होता, द्यायचा तेवढा राहिला.

मी घडीला आधी उलटा हात लावला. मग उघडली. नाव: वायरमन. आडनाव या रकान्यावर एक सरळ रेघ मारलेली. आणि त्याखाली, पेन्सिलीने, ठळक, शाळकरी अक्षरांत लिहिलं होतं:

राहणार: सर ठेवतील तिथे.